न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे "बाई, तुम्हाला भास झाला असेल" असं कळवणार असाल तर आधीच सांगते... भास कात्रीने कापता येत नाही.

ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार. पिंपरीतल्या एका कंपनीत मी टर्मिनल ऑपरेटर होते. कॉम्प्युटर मुंबईच्या हेड ऑफिसात. आमच्याकडे फक्त टाइपरायटरसारखं एक मशीन, टेलिफोन लाइनने त्याला जोडलेलं. लाइन कधी तुटेल याचा नेम नाही, म्हणून मालाबद्दलचे सगळे प्रश्न मी आधीच कागदी पट्टीवर पंच करून ठेवायचे. पट्टी लावली की प्रश्न भराभर जायचे आणि उत्तरं एकाच लांबलचक कागदावर सलग छापून यायची. कुठलं उत्तर कशाचं, कळायचं नाही. मग मी युक्ती काढली — प्रत्येक प्रश्नानंतर चांदण्यांची, म्हणजे * या खुणांची, एक ओळ छापायची कमांड. दोन ओळींच्या मधलं ते एका प्रश्नाचं उत्तर. कापायचं, ज्या त्या खात्याला द्यायचं.

त्या पावसाळ्यात बेअरिंगच्या पेट्या गायब झाल्या. स्टोअरकीपर सोपानराव, मोशीचे. मॅनेजरसाहेबांनी चोर ठरवून त्यांना घरी बसवलं. जाताना ते माझ्या दाराशी थांबले.

"बाई, खाल्ल्या घरचे वासे मोजनारी मानसं न्हाई आमी."

पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, नेहमीची पट्टी लावली. कापायला बसले तर प्रश्नांपेक्षा एक उत्तर जास्त. वर चांदण्या, खाली चांदण्या, मध्ये इंग्रजीत एक ओळ — बेअरिंग, जुनं पंपघर, पत्र्यांखाली.

पट्टी दोनदा तपासली. असा प्रश्नच नव्हता. शिवाय माल कुठे ठेवलाय हे त्या कॉम्प्युटरला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे नुसते आकडे.

युनियनच्या सेक्रेटरींना घेऊन मी पंपघरात गेले. पत्रे उचलले. पेट्या तिथेच, सील शाबूत. स्टोअरमध्ये पाणी शिरलं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी हलवल्या असाव्यात, असं नंतर ठरलं.

साहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही आणि सोपान सामील आहात. ती ओळ मीच टाइप केली, असं लिहून द्या. प्रकरण मिटवू."

मी पट्टी आणि कागद टेबलावर ठेवला. "आपण पाठवलेलं लाल शाईत उमटतं साहेब, मुंबईहून आलेलं काळ्या. ही ओळ काळी आहे. आणि पट्टीवर तो प्रश्न दाखवा, लगेच सही करते."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "सही केली तर तुमचं काय जातंय?"

"सोपानरावांची अब्रू जाते."

सही केली नाही. सोपानराव कामावर परत आले, माझी बढती अडली. अडू दे. मुंबईला विचारलं, तर अशी ओळ इथून गेलीच नाही म्हणाले.

माझा इंजिनिअर मुलगा म्हणतो, लाइनमधला बिघाड. अरे, बिघाडाने अक्षरं वेडीवाकडी येतात. तो पत्ता सांगत नाही.

मग ते काय होतं? मला माहीत नाही. पण माहीत नाही म्हणून खोटं लिहून द्यायचं... तेव्हा दिलं नाही, आता तर मुळीच नाही.