सगळे डबे निळे

अणदूरच्या शंभुलिंग आप्पांनी आयुष्यात एकही बस चालवली नाही, पण सोडल्या मात्र अगणित. एसटीत ते वाहतूक नियंत्रक होते. गावाच्या भाषेत कंट्रोलर. नळदुर्गच्या स्टँडवर, उभं राहिलं तर डोकं आणि बसलं तर गुडघे आपटतील अशा खोलीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि माईकवरून सबंध पंचक्रोशीला शिस्त लावायचा प्रयत्न केला. "सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांनी आधी स्वतः आत बसावं," ही त्यांची घोषणा ऐकायला काही लोक उगाच पुढची गाडी धरत.

निवृत्त झाल्यावर सरकारनं माईक परत घेतला, आवाज मात्र त्यांच्याकडेच राहिला. घरात चहा झाला की ते ओसरीवरून पुकारत, "चहा लागलेला आहे. प्रवाशांनी पळू नये." प्रवासी एकच होती. सिद्धम्मा, त्यांची बायको.

सिद्धम्मा आळंदकडची. नवऱ्याशी कानडी बोलायची, गल्लीशी मराठी, आणि परसातल्या अंजिराच्या झाडाशी दोन्ही. हे झाड तिनं माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून, काडीच्या रूपात आणलं होतं. पुढं त्याला फळं लागायला लागली तशी तिनं जुन्या झंपरांच्या चिमुकल्या पिशव्या शिवून एकेका फळाला बांधायला सुरुवात केली, बुलबुलांनी टोचू नये म्हणून. लांबून बघणाऱ्याला वाटे, बाहुल्यांच्या गावचं धुणं वाळत घातलंय.

पिकलेलं फळ ती हातानं उकलायची, समोरच्याच्या तळहातावर ठेवायची, आणि जायची नाही. हीच खरी गंमत होती. पदर खोचून, मान किंचित तिरकी करून ती समोर उभी राहायची आणि नवऱ्याला विचारायची, "री, हेंगैती?" म्हणजे, अहो, कसं आहे?

"छलो ऐती," आप्पा म्हणायचे. चांगलं आहे. तोंडात घास असतानाच म्हणायचे, कारण त्याआधी ती हलतच नसे.

गल्लीचीही तीच गत. शेजारच्या धुरपदाबाईला फळ मिळालं की तिथंच चावून, गिळून, "वैनी, साखर हाय साखर!" असं म्हणेपर्यंत सुटका नव्हती. मोसमातलं पहिलं फळ मठातल्या स्वामींना जायचं. स्वामी ते डोळे मिटून खात. लोकांना वाटे, ध्यान लागलं. स्वतः सिद्धम्मानं मात्र त्या झाडाचं एकही फळ कधी तोंडात घातलं नाही. आपण लावलेल्या झाडाचं फळ दुसऱ्याच्या तोंडात जावं, आपल्या नाही, असं तिच्या आईनं शिकवलं होतं आणि ते तिनं पाळलं.

मग एका सकाळी, दाराशी रांगोळी घालता घालता सिद्धम्मा बसली ती उठलीच नाही.

रीतीप्रमाणं तिला स्वतःच्या शेतात, बसल्या स्थितीत समाधी दिली. आप्पा तिथं उभे होते. त्यांनी आलेल्यांना पाणी विचारलं, जीपवाल्याला गाडी सावलीत लावायला सांगितली, आणि घरी येऊन आंघोळ करून ओसरीवर बसले. रडले नाहीत. लोक म्हणाले, धीराचे आहेत. तसं काही नव्हतं. शेवटची गाडी गेल्यावर स्टँड जसा असतो तसं त्यांना झालं होतं. दिवे चालू, घड्याळ चालू, बाकडी जागच्या जागी, आणि कुठूनही काही येणार नाही.

थोरली बहीण गजराबाई सांभाळायला म्हणून येऊन राहिली. ही बाई प्रेमळ होती आणि त्याचा कुणाला संशय येऊ नये याची काळजी घ्यायची. भाऊ जेवतो पण कळून जेवतो का, हे बघायला तिनं एक दिवस आमटीत मीठच टाकलं नाही. आप्पांनी वाटी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट टाकलं. वाटी रिकामी.

"शंभू, आरं कशी झालीय आमटी?"

"झालीय की."

"झालीय म्हंजे? खारट हाय का आळणी हाय?"

"आक्का, जी तुमी केली ती हाय."

गजराबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "हेच्यापरास भांडणारा भाऊ बरा."

झाडाकडंही आप्पांचं लक्ष नव्हतं. खोडाखाली रोज सकाळी पिवळट भुसा पडलेला असायचा आणि ते रोज तो झाडून काढायचे. नळदुर्गच्या घाटातला धुरळा बघून कुठली गाडी किती उशिरा आहे हे सांगणारा माणूस, पण हा भुसा कुठून पडतो हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. ते आलं महांतप्पाच्या डोक्यात. हा त्यांचा जुना दोस्त, एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. रोज चहाला यायचा आणि साखर कमी म्हणून गजराबाईशी तंडायचा.

"आवो कंट्रोलर," तो खोडाशी उकिडवा बसून ओरडला, "झाडताय काय रोज? ह्यो झाडाचा जीव हाय! खोडकिडा लागलाय हेला!"

मग तारेनं भोकं कोरली, पेट्रोलचे बोळे घातले, वरून चिखल लिंपला. झाड आतून पोकळ झालं होतं. फांदी हलवली तर सुकी पानं हातात आली. त्या वेळी, कितीतरी दिवसांनी, आप्पांना काहीतरी वाटलं. दुःख नव्हे. एक साधी, हट्टी गोष्ट: हे जाऊ नये. तिच्या समाधीच्या उशाशी हेच झाड लागावं. बाकी जगात काय जातं-येतं त्याच्याशी त्यांना घेणं नव्हतं, पण हे एक पाहिजे होतं.

एकाच फांदीत थोडी ओल होती. महांतप्पानं तिच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब काड्या कापल्या, खालचं टोक तिरकं. त्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या. एक सोडून सगळ्या वाळल्या. ती एक मात्र फुटली.

इथंच गोष्ट संपली असती, पण महांतप्पाला उत्साहाचा जुना आजार. त्यानं सगळ्या डेपोंत निरोप धाडला: कंट्रोलरना अंजिराची रोपं पाहिजेत, जिथं जे चांगलं असंल ते धाडा. आणि ड्रायव्हरांच्या केबिनमधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून रोपं यायला लागली. सासवडकडून पुणेरी जातीचं आलं, संभाजीनगरकडून दिनकर आलं, आणि कुठून तरी डायना आलं. पाठवणाऱ्यानं त्याच्या गोडीची इतकी तारीफ केली की महांतप्पाला ते ऐकूनच ठसका लागला. आप्पांनी कशालाच नको म्हटलं नाही. नको म्हणायलासुद्धा माणूस थोडा जागेवर लागतो.

सगळी लावली. आणि कोण कोणतं ते विसरू नये म्हणून प्रत्येक डब्यावर काळ्या रंगानं, एसटीच्या पाटीच्या अक्षरात नाव घातलं. 'सासवड'. 'संभाजीनगर'. डायनावर 'जादा गाडी'. आणि सिद्धम्माच्या डब्यावर 'आळंद – अणदूर, विनाथांबा'.

पानगळ झाली. गावचा देव पालखीतून नळदुर्गाला राहायला निघायचे दिवस आले. या दिवसांत अणदूरमध्ये पाहुण्यांना तोटा नसतो, आणि पाहुणे येणार म्हटल्यावर रंगाला सुटी नसते. गजराबाईनं भिंती सारवल्या, चौकट रंगवली, तुळशीवृंदावन रंगवलं, आणि डब्यात उरलेला आकाशी ऑइलपेंट वाया कशाला घालवायचा म्हणून परसातले सगळे डबे ओळीत घेऊन चकाचक निळे केले. रंगवायला सोपं जावं म्हणून जागाही बदलल्या.

आप्पा बाजारातून आले आणि परसदारी उभे राहिले. चार निळे डबे. चार उघड्या काड्या.

"आक्का, हिचा कुठला?"

"कुणाचा?"

"हिचा. पाटी व्हती."

गजराबाईच्या हातातला ब्रश थांबला. "दारावरनं देवाची माणसं जाणार, आन् आपल्या परसात एसटी स्टँड दिसावा व्हय?" असं ती म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता.

आप्पा चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि आत जाऊन बसले. त्या रात्री गजराबाईनंच आमटी न जेवता सारली.

पानं फुटल्यावर डायना ओळखू आलं, फळं धरल्यावर तर हिरव्या-पिवळ्या रंगानं नक्कीच. उरलेले तिघं दिसायला मावसभाऊ. तोच तांबूस जांभळा रंग, तोच आकार. खाऊन बघण्याशिवाय इलाज नव्हता. आणि सिद्धम्माचं दुसरं पुण्यस्मरण तोंडावर आलं होतं. त्या दिवशी समाधीपाशी झाड लावायचं असं आप्पांनी ठरवलं होतं. जागा एकाच झाडाची.

फळं पिकली तशी पंगत बसली. महांतप्पा, धुरपदाबाई, गजराबाई. तिघांनी सिद्धम्माचं अंजीर वर्षानुवर्षं खाल्लेलं. समोर ताटात तीन डब्यांची तीन फळं, उकललेली.

"तुमी सांगा," आप्पा म्हणाले. "माझ्या जिभेचं काय खरं न्हाय."

पहिलं खाल्लं. बरं होतं. दुसरं खाल्लं, आणि महांतप्पाच्या मिशा वर गेल्या. मधासारखं गोड. तिसऱ्याचा एकेक तुकडा तोंडात गेला. धुरपदाबाईनं महांतप्पाकडं बघितलं. महांतप्पानं छपराकडं. गजराबाईनं पदरानं तोंड पुसलं, गरज नसताना.

"ह्ये दुसरं," महांतप्पा खाकरून म्हणाला. "ह्येच वैनींचं. काय गोडी!"

"तर वो!" धुरपदाबाई घाईनं म्हणाली. "वैनीच्या हातची साखर! डोळे झाकून सांगते मी."

"तिसरं टाकाऊ हाय," गजराबाईनं निकाल दिला. "फेकून द्या त्यो डबा."

आप्पांनी मान हलवली. पुण्यस्मरणाच्या सकाळी महांतप्पानं दुसरा डबा उचलून जीपमध्ये ठेवला. कुदळ, पाण्याची घागर, हारफुलं. सगळे बसले. गजराबाई तेवढी मागं रेंगाळली होती. अन्न टाकायचं नाही हा तिचा धर्म. तिसऱ्या झाडावर एक पिकलेलं फळ राहिलं होतं, ते तिनं तोडून आणलं, उकललं आणि जीपमध्ये बसलेल्या भावाच्या तळहातावर ठेवलं.

"सकाळधरनं पोटात काय न्हाय तुझ्या. खा."

आणि ते ती बघत उभी राहिली. पदर खोचलेला, मान तिरकी.

आप्पांनी चावलं. ओल्या कापसाला काही चव असते का? तेवढीच याला होती. पाणचट, बियांची कुरकुर, आणि मागं काहीच नाही. ते शेतातल्या खड्ड्याचा विचार करत होते. तोंड आपलं चावत होतं. आणि त्याच तोंडातून, कुणी न विचारता, घास असतानाच शब्द निघाले:

"छलो ऐती."



आप्पा चावायचे थांबले. हातातल्या उरलेल्या अर्ध्या फळाकडं त्यांनी बघितलं. मग महांतप्पाकडं.

"ह्ये हिचं हाय," ते म्हणाले.

महांतप्पानं स्टिअरिंग पुसायला घेतलं. धुरपदाबाईला मात्र राहवलं नाही. "व्हय वो दादा, ह्येच हाय! तोंडात घातलं आन् वळखलं मी! पर इतकी वर्सं साखर साखर म्हणलेलं, आता कुठल्या तोंडानं सांगू? वैनी काय म्हणली असती?"

"स्वामी डोळं का मिटत व्हते, कळलं का आता?" महांतप्पा हळूच म्हणाला.

"आन् तुमी, आक्का?"

"म्या पाव्हणी," गजराबाई म्हणाली. "पाव्हण्यानं नाव ठिवू नये."

"तिला म्हाईत व्हतं का?" आप्पांनी विचारलं.

"कसं म्हाईत असंल?" धुरपदाबाई म्हणाली. "तिनं कदी खाल्लंच न्हाय. आन् तुमी तर रोज छलो म्हणत व्हता."

"म्हणत व्हतो," आप्पा म्हणाले. उरलेलं अर्धं फळ त्यांनी सावकाश खाल्लं, बिया चावून. जीभ मेलेली असो की जिवंत, या फळाला दोन्ही सारख्याच; त्यामुळे चव परत आली की नाही हे त्यांना काही कळलं नाही. "डबा बदला," ते म्हणाले. महांतप्पानं मधाचा डबा उतरवला आणि टाकाऊ डबा चढवला. निळाच.

झाड समाधीच्या उशाशी लागलं. काळ्या रानात त्यानं पाय रोवले आणि पुढच्या मोसमात भरभरून फळलं. घरी राहिलेल्या तिघांना एवढं ऊन-पाणी मिळूनही ते साधलं नाही. गजराबाईच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या आप्पांनी स्वतः शिवल्या. टाके बघून बुलबुलांना हसू आलं असेल. पहिलं फळ मठात गेलं. स्वामींनी डोळे मिटले.

दुसरं फळ घेऊन आप्पा धुरपदाबाईच्या दारात गेले. उकलून तिच्या तळहातावर ठेवलं. आणि गेले नाहीत.

तिनं तोंडात घातलं. चावत राहिली. आप्पा समोर उभे, हात मागं बांधून, मान किंचित तिरकी.

"हेंगैती?" ते म्हणाले.

धुरपदाबाईनं गिळलं. "साखर हाय, दादा," ती म्हणाली, "साखर."

आप्पांनी मान हलवली आणि पिशवी घेऊन पुढच्या दाराकडं निघाले.