रिठ्याच्या पाण्यात काय होतं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — हसा हवं तर, पण शेवटपर्यंत ऐका.

मी मानवतच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हरित रसायनशास्त्र हा माझा जिव्हाळ्याचा धडा. घाण करून निस्तरण्यापेक्षा ती होऊच देऊ नये, विषारी वस्तूला निरुपद्रवी पर्याय शोधावा — ही तत्त्वं मी इतक्या पोटतिडकीने शिकवतो की पोरं मला मागून 'रिठेसर' म्हणतात. कारण रिठे आणि लिंबू यांचं क्लीनर मी बनवलं होतं.

म्हणजे — बनवलं होतं का?

तपासणीला पाहुणे येणार होते. प्रयोगशाळेच्या सिंकवर बोअरच्या पाण्याचा खार घट्ट बसलेला. माझ्या क्लीनरचा फेस भरपूर, पण खार ढिम्म हलेना. मग मी परभणी गाठली. मानवतचे दुकानदार ओळखतात ना! संडास धुवायच्या ॲसिडची बाटली कागदात गुंडाळून, लोक दारू आणतात तशी, एसटीतून मांडीवर घेऊन आलो. अर्धी रिठ्याच्या पाण्यात ओतली. वर लिंबं पिळली — वासासाठी.

पाहुण्यांसमोर सिंक लख्ख निघालं. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी जाहीर केलं, आजपासून कॉलेजात ॲसिड बंद, फक्त सरांचं क्लीनर. मला शाल मिळाली. तीही हिरवी.

इथवर गंमत आहे. पण पुढे सिंधूबाई आहेत.

सिंधूबाई कित्येक वर्षं आमच्या कॉलेजात साफसफाईला होत्या. मी सांगितलेली रिठे-लिंबाची कृती त्यांनी मन लावून पाठ केली. झरी गावाहून रिठे आणले, घरी उकळले, महिनाभर घासत राहिल्या. शेवटी माझ्याकडे आल्या.

"सर, लय घासून बघितलं, पर खार निघंनाच. माझं काय चुकायलंय?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का? मी म्हणालो, "जोर कमी पडत असेल, बाई."

त्यांनी ते खरं मानलं. आपल्या तळहातांकडे बघत गेल्या. पुढे प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईंचे हात आता चालत नाहीत." मी तिथेच चहा पीत होतो. मी मान डोलावली — हो, डोलावली. पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी दुसरी बाई आली.

जाताना उरलेले रिठे त्या मला देऊन गेल्या. "तुमच्या हातालाच गुण हाय, सर."

गुण ॲसिडचा होता. सिंधूबाईंच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.