त्याचं चेकबुक, माझं दार

मंडळी, डोकं फिरलंय माझं.

घटस्फोटाला दोन वर्षं झाली, तरी त्याची बँकेची पाकिटं माझ्याच पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरवर येतात. क्वार्टर माझ्या नोकरीचं! प्रत्येक पाकिटावर 'येथे राहत नाहीत' लिहून मी परत पाठवते.

आज ड्यूटीवरून आले, तर शेजारच्या आंटींनी त्याचं चेकबुक हातात ठेवलं. सही करून घेतलं होतं! मी भडकले, तर म्हणतात, "बेटा, सब लौटा दोगी तो भैया वापस किस पते पर आएँगे?"

त्याला फोन लावला. "असू दे गं, नेईन कधीतरी."

चेकबुक उद्या परत जाणार. वाट बघायची हौस असेल, तर आंटींनी खुशाल बघावी. पण स्वतःच्या दारात. माझं काही चुकलं का?