परत आलेला नारळ

सोमवारी संध्याकाळी पिशवीत एक नारळ घेऊन भाट्याचा पूल ओलांडला, आणि तोच नारळ घेऊन परत आलो. जाताना भांडायचं ठरवूनच निघालो होतो...

मी भाट्याला राहतो. मुलगा मुंबईत एका कॅन्टीनमध्ये कामाला, सून इथल्या काजूच्या फॅक्टरीत बिया फोडते, आणि नात रेश्मा यंदा दहावीला. सहामाहीत तिचं गणित गेलं. तेव्हाच सुनेने सांगून टाकलं, दहावीला गणित राहिलं तर पोरगी फॅक्टरीत माझ्या शेजारी येऊन बसेल. पुन्हा परीक्षेला बसवणं आपल्याला झेपायचं नाही.

ट्यूशन लावणं शक्यच नव्हतं. अशात रेश्माला कळलं की पुलापलीकडे, शाळेतून रिटायर झालेल्या इंदूबाई आमच्यासारख्यांच्या मुलांना पडवीत बसवून शिकवतात. फी काही नाही. झालं... पोरगी जायला लागली आणि माझी झोप गेली.

फुकट म्हटलं की मला धडकीच भरते. मागे एकजण वाडीत फुकट डोळे तपासायला आला होता. जाताना निम्म्या वाडीला चष्मे विकून गेला. माझा अजून खुंटीला आहे, त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही.

त्यात हल्ली समुद्राकडच्या जागा विचारत गाड्या फिरतात. आमचं एक घर आणि दारात तीन माड, एवढंच काय ते. कोण कुठल्या वाटेने आमच्या सातबाऱ्यापर्यंत पोचेल, याचा नेम नाही...

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण रीत कळते. म्हणून रेश्माच्या हाती बाईंना दारचा नारळ पाठवला. तो परत आला. मग आमसुलं पाठवली... तीही परत.

इथे कोणी कोणाचा नारळ परत पाठवत नाही. जे माणूस नारळसुद्धा ठेवून घेत नाही, त्याला याहून मोठं काहीतरी हवं असणार! मी रेश्माचं जाणं बंद केलं.

पोरगी रडली असती तर बरं होतं. नुसती म्हणाली, "आबा, चष्मेवाल्याने तुम्हाला फसवलंन, त्यात माझ्या गणिताने काय केलं?" आणि पुस्तक घेऊन मागीलदारी जाऊन बसली. बघावं तेव्हा त्याच पानावर पेन्सिल टेकवून... ते बघवेना, म्हणून सोमवारी मीच निघालो.

पडवीत चटईवर मुलं बसलेली. मी नारळ सरळ बाईंच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, आमच्या घरचं तुमच्याकडे चालत नाही, असं आहे का?"

मुलं खुसखुसली. बाई वयाने माझ्याहून फार लहान नसतील, पण उठून उभ्या राहिल्या. "रेश्माचे आबा ना? या, आपण मागीलदारी भांडू. इथे भांडलो तर ही मेली भूमितीत लक्ष द्यायची नाहीत."

मागे नेऊन त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही... अजून विश्वास नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला त्या सगळ्यांचं घ्यायच्या. कोणी नारळ आणी, कोणी बांगडे, कोणी फणसाचे गरे. एक मुलगी मात्र भाड्याच्या खोलीतली, दारात ना झाड, ना घरात होडी. ती आधी सगळ्यांच्या मागून हळूच यायला लागली, मग यायचीच बंद झाली. बाई तिच्या घरी गेल्या, तर आई म्हणाली, "रिकाम्या हाताने किती दिवस पाठवू हो बाई?"

"तेव्हापासून कोणाचंच घेत नाही," बाई म्हणाल्या. "आज तुमचा नारळ ठेवला, तर उद्या आणखी कोणाची तरी पोर घरी बसेल. चालेल तुम्हाला?"

मी विचारलं, ती मुलगी आता काय करते? बाईंनी तिचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "काजूच्या फॅक्टरीत आहे."

तेवढं ऐकलं आणि समोरचं पाणी पिऊन टाकलं.

घरी आलो तेव्हा सून बोटांना खोबरेल चोळत बसली होती. काजूच्या तेलाने बोटं काळी पडतात, साल निघते. त्या मुलीचं नाव सांगितल्यावर तिचा हात थांबला. "माझ्या पुढच्याच रांगेत बसते ती, मामंजी. कोवळी बोटं तिची... फार भाजतात."

बोटं पुसून ती उठली. मग माझ्या पिशवीतला नारळ काढून घेतलान आणि म्हणाली, "हा आमटीला होईल. रेश्माला उद्या वेळेवर पाठवा."

काल रेश्मा गेली. मी पुलाच्या तोंडापर्यंत सोबत गेलो. चष्मेवाल्याला मी विसरलेलो नाही, आणि उद्या कोणी सातबारा विचारलाच तर मी जागा आहे... पण पोरगी पुढे भराभर चालत होती, पाठीला दप्तर, दोन्ही हात मोकळे.

बाई, माझा नारळ तुम्ही ठेवून घेतला नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार.