मीटिंगच्या वेळी चावणारा कुत्रा

"मॅडम, मी म्यूटवर आहे, तुम्ही बोला," असं नितीन म्हणाला, तेव्हा माझा हात त्याच्या कुत्र्याच्या तोंडात होता.

मी दात तपासत होते. नितीनने लॅपटॉप माझ्या औषधांच्या फ्रीजवर उघडून ठेवला होता. पुण्याच्या एका कंपनीत तो इंजिनिअर. लॉकडाउनमध्ये जळगावला घरी आला तो इथूनच काम करायला लागला. शेजारी त्याचे वडील उभे होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांच्या उजव्या हाताला बँडेज होतं. त्यांना कुत्रा चावला होता आणि चावलेला कुत्रा माझ्या टेबलावर शेपूट हलवत होता.

कुत्र्याचं नाव मोका. पुण्यात रस्त्यावर सापडलेलं तांबूस रंगाचं पिल्लू, आता चांगला दांडगा झालेला. आबा त्याला मोक्या म्हणतात.

तक्रार अशी. महिनाभरात मोका आबांवर अनेकदा गुरगुरला होता आणि परवा चक्क चावला. घरात दुसऱ्या कोणाला नाही, फक्त आबांना. निर्णयही झालेला होता. रविवारी नितीनचा मामा पाचोऱ्याहून येणार आणि मोकाला शेतावर नेऊन बांधणार. मामाच्या शेतावरचे आधीचे दोन कुत्रे बिबट्याने नेले होते. ही माहिती नितीनने मला आबा बाहेर पाणी प्यायला गेल्यावर दिली. माझ्याकडे तो औषधासाठी आलाच नव्हता. मोका आजारी आहे असं मी म्हणावं, म्हणजे त्याला ठेवून घेता येईल, एवढीच त्याची अपेक्षा होती.

मी मूळची गुराढोरांची डॉक्टर. साक्री आणि शिरपूरकडे बरीच वर्षं सरकारी नोकरी केली. मग स्वतःचा दवाखाना काढला आणि हळूहळू कुत्र्या-मांजरांची झाले. फरक एवढाच की गायीचा मालक थोडक्यात सांगतो. गाय खात नाही, बस. कुत्र्याचा मालक आधी कुत्र्याचा स्वभाव सांगतो.

चावणाऱ्या कुत्र्याचं आम्ही आधी दुखणं शोधतो. कान, दात, पाठ, सांधे. दुखऱ्या जागी हात लागला की शहाणं जनावरही चावतं. मोकाचं काहीच दुखत नव्हतं. रक्त तपासलं, गोचीडतापही नव्हता. रेबीजची लस वेळेवर दिलेली होती. तरी आबांना सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं सुरू करायला लावली. त्यात चालढकल करायची नसते.

"दिवसभर काय करतो हा?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्या खोलीत झोपतो," नितीन म्हणाला.

आबांना विचारलं. आबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी बँडेजचा हात वर केला.

"सकाय माले फिराले लई जास, आन् दुपारले मालेच चावस," ते अहिराणीत म्हणाले.

ही मात्र कामाची माहिती होती. सकाळी आबांबरोबर फिरणारा, त्यांच्या ताटातली भाकरी खाणारा कुत्रा दुपारी त्यांनाच चावतो. म्हणजे भांडण आबांशी नाही, वेळेशी आहे. रविवारी कधी गुरगुरला का, असं मी विचारलं. दोघंही विचारात पडले. रविवारी नाही. शनिवारीही नाही.

घरी येऊन बघते म्हटलं. नितीनने कॅलेंडर उघडून मला वेळ दिली. माझ्याच रुग्णाच्या मालकाने मला अपॉइंटमेंट देण्याची ही पहिली वेळ.

पिंप्राळ्यात त्यांचं घर आहे. हॉलमध्ये शोकेसमध्ये बुद्धमूर्ती, शेजारी नितीनचा पदवीच्या गाऊनमधला फोटो. हॉलला लागून नितीनची खोली. दार उघडंच, कारण कूलर हॉलच्या खिडकीत आणि त्याची हवा दोन्हीकडे खेळायला हवी. मे महिना होता. जळगावच्या मे महिन्यात दार लावून काम करणं कंपनीला सांगायला सोपं, करायला नाही.

मोकाने माझा वास घेतला, इंजेक्शन नाही याची खात्री केली आणि तो आबांच्या पायाशी आडवा झाला. आबांनी पायानेच त्याची पाठ खाजवली. चावणारा आणि चावून घेणारा असे एका फरशीवर गुण्यागोविंदाने बसलेले बघून मला वाटलं, आपण उगाच आलो.

तेवढ्यात खोलीतून लॅपटॉपची धून वाजली. मीटिंग सुरू झाली की वाजते ती. उकाड्यात कान भिजतात म्हणून नितीन हेडफोन लावत नसे.

मोका उठला. आबांकडे न बघता गेला आणि खोलीच्या उंबऱ्यावर आडवा पडला. बघणाऱ्याला वाटावं, झोपला. पण मी त्याचे कान बघत होते. दोन्ही कान हॉलकडे वळलेले. डोळे अर्धवट उघडे. अंग ताठ. महिनाभर हे जनावर दिवसातून कितीतरी तास असं पडून राहत होतं आणि नितीन त्याला झोप समजत होता.

मी आबांना खुणेने खोलीकडे जायला सांगितलं. आबा उठले. दोन पावलं गेले असतील, मोका गुरगुरला. आबा थांबले, तो थांबला. आबा मागे फिरले, त्याने डोकं खाली ठेवलं. पुढे मीटिंग संपली. संपल्याचीही एक धून असते. ती वाजताच मोकाने अंग झटकलं, आळस दिला आणि आबांच्या मांडीवर हनुवटी ठेवली.

याला आम्ही ट्रिगर म्हणतो. ज्या आवाजाने किंवा वासाने जनावराचं वागणं सुरू होतं, तो ट्रिगर. इथे धून हा ट्रिगर होता. कुत्रा हाडूक राखतो तसा मोका नितीनला राखत होता. एवढं कळलं. पण आबांपासूनच का?

"मीटिंग चालू असताना आबा आत आले तर तू काय करतोस?" मी नितीनला विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.

नितीनची आई, अक्का, स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काही नाही कसं? ओरडतोस ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आबांनी आयुष्यभर चालत्या गाडीत गर्दीतून वाट काढलेली. बंद दार, बोलू नका, आत येऊ नका, हे त्यांच्या बुद्धीला पटतच नव्हतं. मुलगा घरी आहे म्हणजे आहे. घरी पाहुणा आला की ते त्याला थेट खोलीत नेत. हा आमचा नितीन, घरूनच काम करतो, हे दाखवायला. एकदा अमळनेरहून आलेले पाहुणे क्लायंटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना नमस्कार करून गेले होते. एकदा आबा स्वतःच बनियनवर दिसले आणि नितीनला मॅनेजरने ऐकवलं. तेव्हापासून पाऊल वाजलं तरी नितीन खुर्चीतून उसळायचा. "आबा, बाहेर!" असं दबक्या आवाजात, दात आवळून, हात झटकून. परवा आबा कापलेल्या पपईची बशी घेऊन गेले होते. नितीन उसळला आणि त्याच क्षणी मोका चावला.

मला सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "नितीन, कुत्र्याला मीटिंग कळत नाही. त्याला एवढंच कळलंय की ही धून वाजल्यावर हा माणूस आला की तू घाबरतोस आणि चिडतोस. तू त्याला हाकलतोस. त्याने तुझं काम हलकं केलं."

आबा मोकाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, चावलेलाच हात.

"मंग त्यानं काय चुकनं," ते म्हणाले. "तो तुनाच शिकाडेल शे."

नितीनचे डोळे भरून आले. तो माझ्यासाठी पपईची बशी आणायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. मला फार वाईट वाटलं. गुरांच्या दवाखान्यात असं काही होत नाही.

रविवारच्या मामाला मी फोन करून थांबवलं. मुदत मागून घेतली. उपचार साधा होता. धून वाजली की आबांनी हॉलमधून मोकाला हाक मारायची आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. प्रत्येक मीटिंगला. म्हणजे त्या आवाजाचा अर्थ बदलतो. आवाज झाला की आबा येतात, हे जाऊन आवाज झाला की आबा देतात, असं त्याच्या डोक्यात बसतं. दुसरं, मीटिंगमध्ये आबांनी आत जायचं नाही. आणि तिसरं, मीटिंग संपली की नितीनने बाहेर येऊन आबांजवळ बसायचं. आबांना जे दाखवायचं, द्यायचं, विचारायचं ते तेव्हा.

तिसऱ्या गोष्टीचा कुत्र्याशी काय संबंध, असं नितीनने विचारलं. शास्त्रीय आहे, असं मी सांगितलं.

पहिले काही दिवस मोका उंबऱ्यावरून हलेना. आबा उकडलेलं अंडं घेऊन बसले, तेव्हा हलला. पावसाळा लागेपर्यंत धून वाजताच तो खोलीतून पळत आबांकडे यायला लागला. गुरगुर बंद झाली. मामा आले ते जेवून गेले, रिकाम्या हाताने.

दिवाळीनंतर तिघं परत दवाखान्यात आले. मोका टेबलावर मावत नव्हता. वजन भलतंच वाढलेलं. नितीनच्या कंपनीत मीटिंगा फार होतात. भाकरी निम्मी करा, असं मी आबांना बजावलं.

"बठ्ठा दिन मनाजोडे बठस तो," आबा म्हणाले. "दिवसभराच्या सोबतीचा पगार कसा कापू?"

नितीन हसला. सोमवारची दुपार होती. मी फ्रीजकडे बघितलं. वर लॅपटॉप नव्हता.

"मीटिंग नाही आज?" मी विचारलं.

"आहे ना. त्यांना सांगितलं, आबांसोबत बाहेर आहे."

चावणं थांबायला एक उन्हाळा पुरला. वजनाचं अजून चालू आहे.

तेव्हापासून घरून काम करणारा कोणी कुत्रा घेऊन आला की मी तो काय खातो हे नंतर विचारते. आधी विचारते, तुम्ही घरात ओरडता कोणावर? बहुतेक जण म्हणतात, कोणावरच नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. टेबलावरच्या कुत्र्याकडे बघते. तो सोबत आलेल्यांपैकी कोणाकडे तरी बघत असतो.