तिच्या हातासारखं

"चित्र नको दाखवू. हात कसा फिरवला ते दाखव."

क्लासमध्ये कुणाचं चित्र चांगलं जमलं की आम्ही सगळे त्या चित्राभोवती गोळा व्हायचो. काकू मात्र चित्र काढणाऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. मनगट कुठे वळतं, ब्रश कुठे दाबला जातो, कुठे अलगद उचलला जातो, एवढंच त्या बघायच्या. तेही असं टक लावून, की समोरचा माणूस अवघडून जायचा. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. भाजी छान झालीय हे सांगायच्या आधी फोडणी कशाची दिली ते विचारतात. काकू त्यांतल्याच.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच विमा कंपनीत नोकरीला लागले होते. रविवार रिकामा जातो म्हणून गंगापूर रोडवरच्या एका शाळेत, वरच्या मजल्यावर भरणाऱ्या चित्रकलेच्या क्लासला जायला लागले. सर शाळेत कलाशिक्षक होते आणि रविवारी आम्हा हौशी लोकांना शिकवायचे. जलरंग, तैलरंग, पोस्टर, वारली, नाइफ पेंटिंग, सगळं. आधी प्रत्येक पदार्थाची चव घ्या, मग जेवायचं काय ते ठरवा, असं त्यांचं म्हणणं असे. आमच्यातले बहुतेक जण चव घेऊनच उठून गेले, हा भाग वेगळा.

काकू देवळाली कॅम्पहून बसने यायच्या. पन्नाशी ओलांडलेली, माहेर देवळ्याकडचं, नवरा तोफखान्यातून निवृत्त झालेला. कापडी पिशवीत जेवणाचा डबा आणि ब्लाउजपीसात गुंडाळलेले ब्रश. त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही हलताना मी पाहिलं नाही. सरांनी कौतुक केलं तरी "बरं", चूक दाखवली तरी "बरं". सुरुवातीला मला वाटलं, बाई शिष्ट आहेत. मग वाटलं, ऐकायला कमी येत असावं. दोन्ही खरं नव्हतं.

थंडीत सर आम्हाला सकाळी गोदाघाटावर न्यायचे. पाणी, देवळांची शिखरं, धुण्याला आलेल्या बायका, न्हायला आलेले यात्रेकरू, कबुतरं, सगळं एका कागदावर मावेल तेवढं आम्ही कोंबायचो. काकूंच्या कागदावर फक्त एक पायरी असायची. तिची सावली. पुन्हा तीच सावली, थोडी पातळ. पुन्हा तीच, उलट बाजूने ब्रश ओढून. सर म्हणाले, काकू, एखादं चित्र पूर्ण तर करा. त्या म्हणाल्या, "चित्र काढायला नाय आले मी, सर. हात बसवायला आले." सरांनी आमच्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

नाइफ पेंटिंगच्या दिवशी मात्र त्यांनी आम्हाला हसवलं. पॅलेट नाइफ हातात आल्याबरोबर त्यांनी ती उलथण्यासारखी धरली आणि रंगाचा असा गोळा थापला, की क्लासला येणारे एक डॉक्टर म्हणाले, काकू, दुसऱ्या बाजूनेही भाजा. सगळे हसले. काकूंनी शांतपणे रंग खरवडला, डबीत परत भरला आणि पुन्हा थापला.

एकदा सरांनी पेठकडून एका बाईंना वारली चित्रं दाखवायला बोलावलं होतं. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेला पांढरा रंग, बांबूची चघळून मऊ केलेली काडी आणि गेरूने सारवलेला कागद. त्या बाई आमच्याशी गप्पा मारत मारत, कागदाकडे न बघितल्यासारखं करत नाचणाऱ्या माणसांची रांग काढत सुटल्या. आम्ही वाहवा करत होतो. काकूंनी तांदूळ किती वेळ भिजवले ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "तुझ्या हातावर माझा हात ठेवू का?" त्या बाई लाजल्या, पण हो म्हणाल्या. काकूंनी त्यांच्या मनगटावर आपला पंजा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पुढची तीन-चार माणसं त्या दोघींनी मिळून काढली.

मग एका दिवाळीनंतर काकू आल्या आणि ब्रश डाव्या हातात घेऊन बसल्या. आम्हाला वाटलं, उजवा हात दुखत असेल. सरांनी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "उजवा बराय. आता ह्याला शिकवायचंय." इतकी वर्षं बसवलेला हात त्यांनी बाजूला ठेवला आणि पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्यातिकड्या रेघा ओढायला लागल्या. कॉलेजातल्या मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. काकूंचं लक्ष नसायचं. तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला. रेघा हळूहळू सरळ व्हायला लागल्या. सरळ म्हणजे आपल्यासारख्या नाहीत. आपण उजव्या हाताने ब्रशचा फटकारा मारतो तो एका अंगाला कलतो. काकूंचे फटकारे दुसऱ्या अंगाला कलायला लागले.

त्या सुमाराला एकदा क्लास सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू घरी येशील का? एक दाखवायचंय." का मलाच, ते मी विचारलं नाही. आज वाटतं, मी त्या वयाची होते म्हणून असेल.

कॅम्पातल्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत काका रेडिओ ऐकत बसले होते. त्यांनी मान हलवली, आवाज थोडा कमी केला. काकूंनी आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागून चादरीत गुंडाळलेला कॅनव्हास ओढून काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

घरामागच्या अंगणाचं चित्र होतं, तैलरंगातलं. डावीकडे कडुनिंब, मधे दोरीचा खांब, दोरीवर वाळत घातलेल्या साड्या. खांबाच्या उजवीकडे मात्र रंगच नव्हता. पांढऱ्या कॅनव्हासवर तपकिरी रंगाच्या पातळ रेघांनी एक नळ काढला होता, बादली काढली होती आणि वाकून कपडे पिळणारी एक बाई.

"ही मी हाय," काकू म्हणाल्या. "पोरीनं काढलं. अर्धं राहिलं."

त्यांची मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कावीळ झाली आणि गेली. काकूंनी एवढंच सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं. मुलगी डावखुरी होती. लहानपणी जेवताना काकूंनी तिचा डावा हात मारून मारून सोडवला होता. "ब्रशाचा नाय सुटला," त्या म्हणाल्या. क्लासला येण्याआधी त्यांनी कधी रंगाची ट्यूबसुद्धा उघडली नव्हती. त्यांना हे चित्र पुरं करायचं होतं, आणि ते तिच्या हातासारखं व्हायला हवं होतं. दुसरं काहीही शिकायचं नव्हतं. मधल्या सगळ्या पायऱ्या, सावल्या, तांदळाचा रंग, सगळं त्यासाठी होतं.

मी चित्राकडे पाहिलं. खरं सांगायचं तर चित्र दुसऱ्या वर्षाच्या मुलीचंच होतं. हिरवा ट्यूबमधून काढला तसाच लावलेला. खांब कललेला. साड्यांमध्ये मात्र वारा भरला होता. मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "खांब वाकडाय. आधी मला कळत नव्हतं. सरांनी शिकवल्यावर दिसायला लागलं."

मी विचारलं, सरळ करणार का.

"नाय. वाकडाच ठेवायचा."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत भांडं परत घ्यायला तिथेच उभ्या राहिल्या.

त्यानंतर मला सगळं माहीत होतं आणि क्लासमध्ये आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. काकू जवसाच्या तेलाचं प्रमाण विचारायच्या, तोच कच्चा हिरवा कुठे मिळतो ते विचारायच्या. एका वर्षी त्या क्लासला यायच्या बंद झाल्या. सरांना वाटलं, कंटाळल्या. मला वाटलं, सुरू केलं असेल.

बऱ्याच महिन्यांनी ऑफिसात फोन आला. "झालं. ये." त्याच रविवारी मी गेले. ती आमची शेवटची भेट. पुढे ते दोघं देवळ्याकडे गावी राहायला गेले असं कानावर आलं, पत्ता मिळाला नाही.

काका दारातच उभे होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "या, ताई. पोरीचं चित्र पुरं झालं," म्हणाले. बाहेरच्या खोलीत, रेडिओच्या वर त्यांनी स्वतः खिळा ठोकून चित्र टांगलं होतं. मी समोर उभी राहिले. नळ होता, बादली होती, बादलीत पाण्याची चमक होती, कपडे पिळणारी बाई होती. तोच कच्चा हिरवा, तोच उलट्या अंगाला कललेला फटकारा. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते मी शोधत होते आणि मला सापडत नव्हतं. मी मनापासून म्हटलं, "काकू, सांधा कुठे आहे ते कळतसुद्धा नाही."

"मला पण नाय कळत," काकू म्हणाल्या.

त्यांनी हे इतक्या सपाट आवाजात म्हटलं, की मला अर्थ लागायला वेळ लागला. पहिले काही दिवस त्यांना माहीत होतं म्हणे. मग एका सकाळी चहा घेऊन चित्रासमोर बसल्या आणि पोरीचं कुठलं ते बघायला गेल्या, तर सापडेना. मी म्हटलं, खांबाच्या डावीकडचं तिचं, उजवीकडचं तुमचं. त्यांनी मान हलवली. सांधा दिसू नये म्हणून त्यांनी खांबाच्या डावीकडेही हात फिरवला होता. पानांवर फिरवला होता, साड्यांवर फिरवला होता. तेव्हा ते नीट व्हावं एवढंच डोक्यात होतं.

"तिचं म्हणून माझ्याकडं एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "आता सगळं एकच झालं."

काका अजून दारातच होते. हसू गेलं होतं. म्हणजे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, आणि तरी त्यांनी मला हसून आत घेतलं होतं.

काकूंनी पिशवीतून कापूस काढला, जुन्या गादीतला. टर्पेंटाइनची बाटली काढली. म्हणाल्या, "तिचा रंग वाळून दगड झालाय, तो नाय निघायचा. माझा अजून कच्चा हाय. आत्ता पुसला तर निघंल. उशीर केला तर तो पण पक्का होईल." मी अडवून पाहिलं. इतक्या वर्षांची मेहनत आहे, निदान फोटो काढून घेऊ, निदान काकांचा विचार करा. त्या थांबल्या आणि काकांकडे बघत राहिल्या. काकांनी पुढे होऊन चित्र खिळ्यावरून उतरवलं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं आणि अंगणात निघून गेले.

मी वाटीत टर्पेंटाइन ओतत होते, काकू पुसत होत्या. आधी बादली गेली, मग नळ, मग पिळणारे हात. चेहरा त्यांनी एका फटकाऱ्यात पुसून टाकला. पांढऱ्यावर धुरकट डाग राहिला, पण त्याखालून तपकिरी रेघा वर आल्या, जशा मी पहिल्या दिवशी पाहिल्या होत्या तशाच. मग त्या खांबाकडे सरकल्या आणि हळू झाल्या. दर पुसण्याला नवा कापूस. रंग लागला की त्यांचं, पुढे जायचं. कोरा आला की पोरीचं, तिथे थांबायचं. कडुनिंबाची निम्मी पानं त्यांचीच निघाली. इतकं आपण केलं होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या कापूस बदलत राहिल्या.

शेवटी खांबाला लागून असलेली लाल काठाची साडी राहिली. काकू म्हणाल्या, ही नक्की माझी, हिच्यासमोर मी ब्रश घेऊन आठवडाभर बसले होते. त्यांनी कापूस भिजवला आणि पदरावरून फिरवला. कापूस कोरा. पुन्हा भिजवला, जोर लावून काठावरून फिरवला. कोरा. तिसऱ्यांदा त्यांनी कापूस साडीवर दाबून धरला, उचलला आणि उजेडाकडे नेऊन बघितला.

त्यांचा ओठ हलला. मग हनुवटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अहो," त्यांनी अंगणाकडे हाक मारली, "इकडं या. ही तिची निघाली."

काका आले. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, गुडघे धरत चित्राशेजारी खाली बसले आणि काकूंच्या हातातून तो कापूस घेऊन दोन्ही बाजूंनी बघत राहिले.