लाकडाची भुई

खुब्याचं हाड मोडल्यापासून आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवरच जेवायच्या. आणि घासागणिक कुरकुर. "बाजंवर बसून का जेवन असतंय का गं? पावनी हाय का मी?" सगळा जन्म भुईवर गेलेला. शेवया असोत, डाळ निवडणं असो, भांडणंसुद्धा मांडी ठोकूनच. एकदा तरी खाली आमच्या पंगतीत बसून जेवायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण खाली बसवायचं कशावर? आमच्या झरी गावची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या शहाबादी फरश्या वेड्यावाकड्या उचलते. त्यात ओल आणि गारठा. डॉक्टर म्हणाले, थंड फरशीवर बसवू नका. मग आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं, त्यांच्या खोलीत लाकडाची भुई करू. मोबाइलवर व्हिडिओ बघून! मी म्हणाले, "तुमाला आयुष्यात एक पाट नीट ठोकता आला न्हाई, अन् भुई करायलात!"

पण केली आम्ही दोघांनी. पाडलेल्या गोठ्याची सागवानी लाकडं होती, ती ताडकळसला नेऊन फळ्या कापून आणल्या. फरश्या काढल्या, मुरूम चोपला, त्यावर आडवी लाकडं बसवली आणि वरून फळ्या स्क्रूनं आवळल्या. आत्याबाईंची बाज तोवर ओसरीवर. तिथून त्यांची मुकादमी चाले. "ती कडंची फळी हालायली बघ." आणि खरंच हलत असायची. भिंतीलगत जागा सोडायची असते हे आम्हाला काय माहीत? पाऊस लागला तशी भुई मधोमध फुगून वर आली. पुन्हा सगळं उचकटलं, कडेच्या फळ्या तासल्या. हे वैतागले, मी चिडले. त्या मात्र रोज विचारायच्या, "झालं का गं? कवा बसायचं?"

जवसाचं तेल पाजून भुई तयार झाली तोवर दिवाळी सरली होती आणि आत्याबाई तापानं पार खंगल्या होत्या.

मी ठरवलं, थाटात बसवायचं. देवगाव फाट्याहून नणंदेला बोलावलं. भावकीतली माणसं भुई बघायला आली. मी गोमूत्र शिंपडलं, समई लावली, घोंगडी अंथरली. चुलीवर पुरण शिजत होतं. ह्यांनी आणि एका चुलत दिरानं काखेत हात घालून त्यांना उचललं, तशी त्यांनी बाजेची कड गच्च धरली.

"अजून न्हाई रे बाबा! जीव हाय माझ्यात. खाली घ्यू नका मला!"

आम्ही हसलो. हो, हसलो! मग माझी नजर नणंदेवर गेली, समईवर गेली. आमच्याकडे माणूस जायला लागलं की त्याला बाजेवरून भुईवर घेतात. बाजेवर जीव जाऊ देत नाहीत. लेकीला बोलावतात, गोमूत्र शिंपडतात, दिवा लावतात. मी हौसेनं जे जे मांडलं होतं, ते सगळं तेच होतं.

"अहो आत्याबाई, जेवायला बसवायलोत तुमाला," मी परोपरीनं सांगितलं. त्या "बरं बरं" म्हणाल्या, पण बाज सोडेनात. अर्धी पोळी बाजेवरच खाल्ली. त्यानंतर खाली बसायचं नाव त्यांनी काढलं नाही. मी जवळ गेले तरी अंग चोरायच्या. माझ्या मेलीला एवढं साधं सुचू नये!

माघात खरंच वेळ आली. भावकीतले म्हणाले, खाली घ्या. मी बाजेपुढं आडवी उभी राहिले. "कुनी हात लावायचा न्हाई. त्यांना भ्याव वाटतंय." नणंद रडत राहिली. आत्याबाई बाजेवरच गेल्या. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत, मेल्यांना काय कळतंय?

पण आता जिवाला घोर लागतो तो वेगळाच. त्या भ्याल्या होत्या ते वेळेआधी खाली घेण्याला. वेळ आल्यावर त्यांनाही भुईच हवी असणार, त्यांच्या आईला, सासूला मिळाली तशी. ज्या दिवशी गेल्या, त्या सकाळी त्या चांगल्या शुद्धीवर होत्या. पाणी मागितलं, बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मी भावकीशी भांडले, साऱ्या घराशी भांडले, आणि त्यांना विचारलंच नाही.